फोल्डस्कोप : घरात, कारखान्यात आणि पाण्याच्या पिंपापाशी

"काहीच दिसत नाही गं आत्या, नुसतं काळं दिसतंय."

भाचीच्या बाराव्या वाढदिवसाला मी फोल्डस्कोप मागवला, त्याच संध्याकाळचं हे वाक्य. भिंगाखाली मिठाचा खडा होता. स्वयंपाकघरातून उचलला, पट्टीवर चिकटवला आणि लावला डोळ्याला. जाड खड्यातून उजेड आरपार येत नाही, मग काळा ठिपकाच दिसणार. ते मी तिला लगेच सांगितलं नाही. विचारलं, "तुला काय बघायचं होतं?"

"मीठ."

"मिठाचं काय?"

याला तिच्याकडं उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडंही नव्हतं.

आठ महिने झाले, हा कागदी सूक्ष्मदर्शक आमच्या सोलापूरच्या अशोक चौकातल्या घरात आहे. मधूनमधून तो माझ्याबरोबर कारखान्यातही येतो. वस्तू घ्यावी की नाही असं दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहायला बसले. पण "मिठाचं काय?" हा प्रश्न बाजूला ठेवून या वस्तूबद्दल मला काही सांगताच येणार नाही.

आधी वस्तू सांगते. फोल्डस्कोप हा घडी घालून तयार करायचा सूक्ष्मदर्शक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला आणि २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मनू प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं पुढं देशभरातल्या शाळा-कॉलेजांपर्यंत तो पोचवला. पाण्यानं खराब न होणारा जाड कागद, त्यातून सुट्या करायच्या पट्ट्या, काचेच्या मण्याएवढं भिंग आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडायला चुंबकाची चकती, एवढाच काय तो पसारा. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते आणि दोन मायक्रॉनपर्यंतचं बारीक वेगळं ओळखता येतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

घडी घालायला आम्हाला पाऊण तास लागला. भाचीनं एकटीनं केलं. मी फक्त आकृतीचा कागद धरून बसले होते. स्वतः जोडल्याचा फायदा असा की भिंग कुठं आहे, काचपट्टी कुठं सरकते, अंगठ्यानं कागद जरासा वाकवला की चित्र स्पष्ट कसं होतं, हे तिच्या बोटांना कळलं. शाळेतल्या पितळी सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नसतो. हा सुटा करून पुन्हा जोडता येतो.

पुढचे तीन दिवस घरात धुमाकूळ होता. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, जास्वंदीचे पराग, आजीचा पांढरा केस, माझा रंगवलेला केस. प्रत्येक वेळी "अय्या!" आणि लगेच पुढची वस्तू. चौथ्या दिवशी फोल्डस्कोप कपाटात गेला आणि दोन आठवडे तिथंच राहिला.

हे खास सांगते आहे, कारण ही वस्तू घेणाऱ्या बहुतेक घरांत असंच होणार. नुसतं मोठं दिसण्याची गंमत तीन दिवस पुरते. पंख मोठा दिसला, बरं, मग? तो "मग" जर पोरांच्या हाती आला नाही, तर खेळणं संपलं.

आता मी कोण, ते थोडं सांगावं लागेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी चेकिंग खात्यात आहे. यंदा २२ वर्षं झाली. माझ्याजवळ कायम पिक ग्लास असते. घडीचं पितळी भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायची आणि इंचात ताण्याचे म्हणजे उभे किती धागे, बाण्याचे म्हणजे आडवे किती, ते सुईच्या टोकानं मोजायचं. म्हणजे भिंगातून बघायची सवय मला भाचीच्या आधीपासूनची.

पण बघायला मला शिकवलं ते आमच्या जुन्या जॉबरमामांनी. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, त्यांची देखभाल करणारा माणूस. कामाला लागल्याच्या पहिल्या महिन्यात मी तपासणीच्या वहीत एका ठाणासमोर "जॉबरची चूक" असं लिहिलं होतं. मामांनी वही मागवून घेतली. रागावले नाहीत. बोट ठेवून विचारलं, "पोरी, तुला चूक दिसली का?" मी म्हटलं, "हो की, हे बघा." ते म्हणाले, "तुला तुटलेला धागा दिसला. तो किती इंचावर तुटलाय, एकच आहे का पुढं परत येतोय, ताण्याचा आहे का बाण्याचा, ते लिही. चूक कुणाची, ते त्याच्यातनं निघंल. नाही निघालं, तर तुला ठाऊक नाही."

दर ठराविक अंतरावर तोच दोष येत असेल, तर कारण यंत्राच्या एखाद्या फिरत्या भागात असतं. एकदाच आला असेल, तर बहुधा दोऱ्यात. ताण्याच्या दिशेनं लांबच लांब रेघ गेली असेल, तर ताणा गुंडाळलेल्या बीमवर किंवा तो ज्यातून ओवलेला असतो त्या फणीत बघायचं. हे सगळं मला नंतर कळत गेलं, ते मामांनी "चूक" हा शब्द खोडायला लावला म्हणून.

तर दोन आठवड्यांनी मी भाचीला शंभर पानी वही आणून दिली आणि पानाचे तीन भाग करायला लावले. काय विचारायचंय, काय दिसलं, काय वाटतंय. अट एकच. पहिला भाग भरल्याशिवाय फोल्डस्कोप कपाटातून काढायचा नाही. दोन दिवस ती रुसली. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, "पिंपातल्या पाण्यात जंतू आहेत का?"

सोलापूरकरांना पिंपाचं सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. आलं की घरातलं असेल नसेल ते भांडं भरायचं. आमच्याकडं दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. प्रश्न तिचा स्वतःचा होता, घरातला होता, तरी भिंगापुढं चालणारा नव्हता. टायफॉईडचे किंवा कॉलऱ्याचे जंतू लांबीला फार तर काही मायक्रॉन आणि जाडीला साधारण एकच. म्हणजे या भिंगाच्या ताकदीच्या अगदी काठावर, आणि विषाणू तर त्याहून कितीतरी बारीक. काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणून "पाणी स्वच्छ आहे" असं तिनं लिहिलं असतं, तर ते धोक्याचं होतं. ही गोष्ट घेणाऱ्या प्रत्येकानं पक्की लक्षात ठेवावी. फोल्डस्कोपमधून पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे ठरवता येत नाही. गाळायचं ते गाळायचं आणि उकळायचं ते उकळायचंच.

मग प्रश्न बदलायला बसलो. माझ्या मते या आठ महिन्यांतली सगळ्यांत चांगली संध्याकाळ ती. "जंतू" म्हणजे काय, हे तिला सांगता येईना. मग "दिसण्याएवढे जीव" असं केलं. "आहेत का" याला हो-नाही सोडून उत्तर नाही, म्हणून "कुठं जास्त आहेत" असं केलं. त्यातून आणखी निघालं. वरच्या पाण्यात की तळाच्या? भरलेल्या दिवशी की चौथ्या दिवशी? शेवटी वहीत उतरलं ते असं : "पाणी भरलं त्या दिवशी आणि चौथ्या दिवशी, वरच्या पाण्यात आणि पिंपाच्या आतल्या बुळबुळीत थरात, हलणारे जीव किती दिसतात?"

हा प्रश्न वाचला की हातांनी काय करायचं ते आपोआप कळतं. चार नमुने, प्रत्येकाचा एक थेंब, प्रत्येक थेंबात पाच जागा बघायच्या. वरच्या पाण्यात दोन्ही दिवशी पाचही जागा रिकाम्या. थरात पहिल्याच दिवशी हिरवे तंतू, चौथ्या दिवशी त्याच तंतूंमधून सरसर जाणारे तीन लांबट जीव. मोबाईल लावून तिनं त्याचा व्हिडिओ घेतला तो माझ्याकडं अजून आहे. "काय वाटतंय" या रकान्यात तिनं लिहिलं, "नवीन पाणी भरलं तरी थर जुनाच आहे." मी इतकी वर्षं पिंप नुसतं खळबळून पाणी भरत होते. आता दर आठवड्याला एकदा रिकामं करून काथ्यानं घासते. डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खात्याचे लोक घरोघरी येऊन सांगतात, ते ऐकून जे झालं नव्हतं ते पोरीच्या वहीनं झालं.

इथं एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडवाले तेव्हाही धागे भिंगातून तपासत. यानं स्वतःच काचेचे बारीक मणी घासून एकाच भिंगाचे सूक्ष्मदर्शक केले, म्हणजे जातीनं आपल्या फोल्डस्कोपचेच पूर्वज. त्याला एकदा प्रश्न पडला, मिरी तिखट का लागते? म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत टाकली आणि तीनेक आठवड्यांनी ते पाणी बघितलं. तिखटपणाचं कारण सापडलं नाही. सापडले ते असंख्य सूक्ष्म जीव. १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला ते पत्रानं कळवलं. जिवाणूंचं ते पहिलं वर्णन मानतात. तिथल्या विद्वानांना आधी ते पटेना. पुढच्या वर्षी सोसायटीतल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं स्वतः मिरीचं पाणी करून ते जीव पाहिले, तेव्हा पटलं. लॅटिन न येणारा, कॉलेजात न गेलेला, ताणा-बाणा मोजणारा माणूस. मला त्याच्याबद्दल फार जवळचं वाटतं. जे शोधत होता ते दिसलं नाही, तरी जे दिसलं ते त्यानं जसंच्या तसं लिहिलं. भाचीच्या वहीतला मधला रकाना तोच.

आता कारखान्यातली गोष्ट. परीक्षणात हीच माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची.

उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. टॉवेल पाणी पीत नाही, दोऱ्यात पॉलिस्टर मिसळलंय, माल परत घ्या. आमच्याकडं लगेच तीन उत्तरं तयार. एक म्हणे सूतवाल्यानं फसवलं, दुसरा म्हणे प्रोसेसवाल्यानं, म्हणजे धुलाई-रंगाईच्या खात्यानं, घोळ केला, तिसरा म्हणे गिऱ्हाईकच पैसे बुडवायला बघतंय. तिघंही कळकळीनं बोलत होते, आणि तिघांनीही टॉवेल हातात घेतलेला नव्हता.

मी परत आलेला एक नग मागून घेतला. "दोष कुणाचा" हा प्रश्न मामांच्या शिकवणीनं आधी खोडला आणि लिहिलं, "पाणी कुठं अडतंय?"

टेरी टॉवेलची रचना माहीत असेल तर हा प्रश्न कळतो. टॉवेलला दोन बीम असतात. एकावर जमिनीचा ताणा, घट्ट ओढलेला. दुसऱ्यावर पाईलचा ताणा, सैल सोडलेला. दोन बाणे थोडे मागंच ठेवतात आणि तिसऱ्या बाण्याबरोबर फणी तिघांना एकदम पुढं ठोकते. घट्ट ताणा जागेवर राहतो आणि सैल ताण्याचे फुगे उभे राहतात. तेच टॉवेलचे लूप. पाणी पितात ते मुख्यतः हे लूप. म्हणजे पाणी अडायला जागा तीन. लूपचा तंतूच पाणी न घेणारा असेल, लूप नीट उभे नसतील किंवा तंतूवर काहीतरी बसलेलं असेल.

ड्रॉपरनं एक थेंब सोडला. थेंबाची चमक जाईपर्यंत सेकंद मोजायचे, ही साधी परीक्षा. चाळीस मोजून झाले तरी थेंब मोत्यासारखा उभा. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार खरी होती. कारण त्यानं सांगितलेलं आहे का, एवढंच बघायचं राहिलं.

लूपची उंची पट्टीनं मोजली, नेहमीचीच होती. मग दुसऱ्या दिवशी भाचीला विचारून फोल्डस्कोप नेला. टॉवेलच्या पाच जागांवरचे लूप कापले, सुईनं पिंजून तंतू सुटे केले, पाण्याच्या थेंबात पट्टीवर बसवले. तुलनेला शिलाईचा पॉलिस्टर दोरा घेतला. फरक इतका उघड दिसतो की एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. पॉलिस्टर म्हणजे काचेची सरळ कांडी, गुळगुळीत, सगळीकडं सारखी जाड. कापूस म्हणजे पिळा पडलेली चपटी फीत. जिवंत असताना कापसाचा तंतू नळीसारखा असतो, बोंड उघडून वाळला की चपटा होऊन स्वतःभोवती वळतो. पाचही जागांवर मला फक्त फिती दिसल्या. कांडी एकही नाही.

कुणी म्हणेल, त्यासाठी सूक्ष्मदर्शक कशाला, धागा जाळून बघा. बरोबर आहे. आम्हीही जाळतो. कापूस कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मिनिटभराचं काम. पण फोनवर गिऱ्हाइकाला "आम्ही जाळून बघितलं" सांगितलं तर त्यानं का मानावं? मी दोन फोटो शेजारी शेजारी पाठवले, एक त्याच्या टॉवेलचा आणि एक शिलाईच्या दोऱ्याचा. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, आणि आवाज बदललेला होता. म्हणाला, "बरं ताई, पॉलिस्टर नाही. मग काय आहे?"

इथून पुढं फोल्डस्कोपचा उपयोग नव्हता. तंतूवर बसलेला पातळ लेप त्यातून दिसत नाही. मी तासभर तेच तंतू फिरवून फिरवून बघितले आणि मग मला कळलं की बघायचं संपलंय, आता करून बघायचं. टॉवेल मधोमध कापला. अर्धा तसाच ठेवला, अर्धा धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात दोनदा धुतला, वाळवला. पुन्हा थेंब. न धुतलेल्यावर मोती उभा. धुतलेल्यावर "एक" म्हणायच्या आत थेंब गायब.

मग प्रोसेसची वही काढली. त्या लॉटला सॉफ्टनर नेहमीपेक्षा जास्त होता. का? तर त्याच गिऱ्हाइकानं नमुना बघून "अजून मऊ पाहिजे" असं कळवलं होतं. सिलिकॉनचा सॉफ्टनर हाताला मखमल देतो आणि पाण्याला अडवतो. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्याला मऊपणा हवा होता, आम्ही दिला, आणि टॉवेल पाणी पिणार का, हे ऑर्डर घेताना दोन्ही बाजूंनी कुणी विचारलंच नाही. आता आमच्या ऑर्डरच्या कागदावर "हाताला किती मऊ" च्या खाली "थेंब किती सेकंदांत जिरावा" अशी ओळ आहे. ती मी हट्टानं घालून घेतली. नवा टॉवेल घरी आणल्यावर पाणी नीट पुसत नसेल, तर सॉफ्टनर न घालता दोन-तीनदा धुऊन बघा, हे तुम्हालाही सांगते.

आता घेणाऱ्यांसाठी काही बारीकसारीक. उजेड भरपूर लागतो. आमच्याकडं सोलापूरचं ऊन आहे, पण भिंग कधीही सूर्याकडं रोखायचं नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी दटावून सांगा. पांढऱ्या भिंतीवरचा उजेड किंवा मोबाईलचा टॉर्च पुरतो. डोळा भिंगाला अगदी टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बघावं. एकदा मोबाईल जोडला की दोघा-तिघांना एकत्र बघता येतं, त्यामुळं बोलणं होतं, आणि प्रश्न बोलण्यातूनच नीट होतात. जाड वस्तू चालत नाही. पातळ पापुद्रा, सुटा तंतू, एक थेंब चालतो. थेंबावर काचेचं किंवा चिकटपट्टीचं झाकण घाला, नाहीतर भिंगाला ओल लागते आणि सगळं धूसर होतं. दिसतं ते अगदी लहान वर्तुळ असतं, म्हणून एकच जागा बघून कधीही लिहू नये. आम्ही पाचचा नियम पाळतो. साधा संच घ्या, मोठ्या संचातली अवजारं नंतर हवीशी वाटली तर वाटतील.

कुणी घेऊ नये? ज्याला उत्तर हातात ठेवणारी वस्तू हवी आहे, त्यानं. वाढदिवसाला देऊन मोकळं व्हायचं असेल, तरी नको. सोबत वही द्या आणि पहिले काही दिवस शेजारी बसा. माझ्या लेखी या खरेदीची निम्मी किंमत त्या वहीची आहे.

भाचीचा परवाचा प्रश्न लिहून थांबते. आमच्याकडं आजी शेंगाची चटणी उखळात कुटते, तिला छान तेल सुटतं. मी घाईत मिक्सरवर करते, ती कोरडी भुगा होते. भाचीनं आधी लिहिलं होतं, "कुटलेली चटणी चांगली का?" ते स्वतःच खोडलं. "चांगली" भिंगातून कशी दिसणार, म्हणाली. आता वहीत आहे : "एकाच कढईत भाजलेले शेंगदाणे, निम्मे कुटले, निम्मे मिक्सरमधून काढले, तर दोन्हींच्या कणांचा आकार आणि भोवतीचे तेलाचे थेंब यांत काय फरक दिसतो?" तिखट-मीठ कधी घालायचं, यावर आजी आणि तिचं अजून ठरत नाहीये. आजी म्हणते कुटतानाच, भाची म्हणते नंतर, नाहीतर कशामुळं काय झालं ते कळणार नाही. काल रात्री शेंगदाणे भाजून ठेवले आहेत.